आईच्या मापाची दांडी

४ ऑगस्ट

चि. ठेंगू हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र परवा आलं. पाकिटावर नाव माझं, आत पत्र आईला. निदान माझ्यासाठी एखादी ओळ घातली असतीस तर शाई संपली नसती. आईनं ते पत्र तीनदा वाचलं, त्यातलं एकदा मोठ्यानं, आणि घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलं. बाबा गेल्यापासून सहा वर्षं आई माझ्याकडे आहे. माझी एक चिठ्ठी तिनं कधी चष्म्याच्या घरात ठेवलेली नाही. एका घरात राहून चिठ्ठ्या कोण लिहिणार, हे मलाही कळतं. पण तरी.

तर म्हणे तू बाथरूम सजवायला घेतलंयस, तेही स्वतःच्या हातानं. तुझं ते चार बाय सहाचं बाथरूम मला चांगलं आठवतं. साबण हातातून निसटला तर उचलायला आधी बाहेर यावं लागतं. त्यात तू काय सजवणार आणि कुठे उभी राहून सजवणार?

गंमत बाजूला. आईनं काल जेवताना जाहीर केलं, की डॉक्टरांनी गुडघ्याला परवानगी दिली की ती तुझ्याकडे येणार, आणि या वेळी राहायला येणार. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाली, बघू. मला तो 'बघू' मुळीच आवडला नाही. माझ्याकडे तिला काय कमी आहे ते तूच सांग. आमचं बाथरूम तू पाहिलंयस. ठेकेदार लावून करून घेतलंय, आरशामागे दिवा आहे, नळाखाली हात नेला की पाणी आपोआप येतं. 'हे' तर आईच्या आधी कधी आंघोळीलाही जात नाहीत.

फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला भांडण होतं, म्हणून लिहितेय. माझा लोभ तुझ्या बाथरूमपेक्षा मोठा आहे, तेवढा धरून राहा.

तुझी
ताई


११ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ओळ मागितलीस, हे घे अख्खं पत्र.

बाथरूमच्या टाइल फोडायच्या म्हटल्या तर मिस्त्री, मजुरी, राडारोडा, सगळंच आलं. आम्हाला ते झेपणारं नाही. म्हणून त्याच टाइल पॉलिश पेपरनं घासल्या, प्रायमर मारला आणि वर दोन हात पिवळा रंग दिला. पिवळा आईनं सांगितला. निळा सगळ्यांकडेच असतो म्हणाली. मग कपडे बेतायचा जाड कागद असतो ना माझ्याकडे, त्यात पानं कापली आणि तो कागद भिंतीला धरून स्पंजनं पांढरी नक्षी उठवली. तीन पानं तिरकी आलीत. आमचे लाइनमनसाहेब म्हणतात, वारा सुटलाय असं समजू.

त्यांच्या कामावरची एक जुनी बांबूची शिडी मोडीत निघाली होती. ती अर्धी कापून भिंतीला टेकवली, पायऱ्यांवर फळ्या ठेवल्या, झालं कपाट. पडदा रेनकोटच्या कापडाचा शिवलाय. आरसा जुनाच आहे, त्याच्या कडेनं बटणं चिकटवणार आहे. ती आई निवडून पाठवणार आहे.

तुझ्या बाथरूमचं म्हणशील तर मागच्या वेळी तुझ्याकडून आल्यावर मी आमच्या बादलीकडे बघून रडले होते. साहेबांना सांगितलं, डोळ्यांत साबण गेला.

आता काम. आईला धरायला भिंतीला दांडी बसवायची आहे. चांगला जाड पाइप मिळालाय. आईचे कपडे मीच शिवते, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती थोडी वाकली असेल, म्हणून जुन्या मापावर जायला धजत नाही. तिला दाराच्या चौकटीला उभी कर आणि दोन मापं पाठव : जमिनीपासून कोपरापर्यंत आणि खांद्यापासून मनगटापर्यंत. दांडी चुकीच्या उंचीवर बसली तर आधाराऐवजी घात व्हायचा. तू शाळेत गणित शिकवतेस, तुझा आकडा मी डोळे मिटून घेईन.

भांडायला का होईना, पण लिहीत जा.

तुझी
ठेंगू


१९ ऑगस्ट

चि. ठेंगू हिस,
अ. उ. आ.

आमच्या जेवणाच्या टेबलावर गेला आठवडाभर बटणं पसरली आहेत. मोठी, लहान, चार भोकांची, दोन भोकांची. आई सकाळी चहा घेऊन बसते ती जेवणाची वेळ झाली तरी उठत नाही. काल आमचा दूधवाला बिल द्यायला आला, तर त्याला थांबवून विचारलं, शिंपल्याची बटणं पिवळ्यावर शोभतील का. त्यानंही पिशवी खाली ठेवून मत दिलं. मला कुणी विचारलं नाही. मी त्याच खोलीत पेपर तपासत बसले होते.

परवा तिच्यासाठी दोन नवे टॉवेल आणले, चांगले मऊ. तर हातात घेऊन म्हणते, असू देत, ठेंगूकडे न्यायला होतील. स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात आपटली, तेवढंच.

तुला खरं सांगू का? लहानपणीही असंच होतं. मी पहिला नंबर आणायचे आणि आई म्हणायची, छान. तू कापडाच्या चिंध्यांची एक वेडीवाकडी पिशवी शिवलीस, तर ती घेऊन आई वर्षभर बाजारात मिरवली. मी पन्नाशीला आले तरी ती पिशवी माझ्या डोक्यातून जात नाही. हेवा वाटतो गं. लिहून टाकलं, आता तू काय ते समज.

तू मागितलेली मापं : जमिनीपासून कोपर एक्केचाळीस इंच, खांद्यापासून मनगट साडेतेवीस. चौकटीला उभं करून घेतली आहेत.

राग आला तरी आशीर्वाद आहेतच.

तुझी
ताई


२५ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मापं मिळाली. वाचून मशीन जरा वेळ थांबवलं, मग पुन्हा वाचली. साहेबांना रविवारी सुट्टी आहे, तेव्हा ड्रिल मागून आणून दांडी बसवून टाकू. बटणांचं पार्सलही पोचलं. आईला सांग, एकही फुटलं नाही.

पिशवीबद्दल समक्ष बोलू. माझ्याकडेही सांगण्यासारखं आहे.

घाईत आहे, पण तुझी आठवण घाईतली नाही.

तुझी
ठेंगू


३० ऑगस्ट

ठेंगू,

मायना घालण्याइतका धीर नाही. ती दांडी बसवू नकोस. बसवली असशील तर काढ.

मी आईला चौकटीला उभं केलंच नव्हतं. टेप घेऊन तिच्या खोलीत गेले होते. ती बटणांचे ढीग करत गुणगुणत बसली होती. माझ्या घरात ती गुणगुणते, हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. मी तशीच मागे फिरले. बाथरूमचं दार लावून, त्या दिव्याच्या आरशासमोर उभं राहून स्वतःचं माप घेतलं आणि तेच तुला लिहिलं.

का, तेही सांगते. मनात आलं की दांडी उंच बसेल, आईला गैरसोय होईल, चार दिवसांत कंटाळेल आणि म्हणेल, मोठीकडेच बरं होतं. तिनं हे एकदा म्हणावं एवढंच मला हवं होतं. ती पडेल, हे डोक्यातच आलं नाही. आलं ते काल. टेबलाला धरून उठताना तिचा हात निसटला. मी शेजारीच होते, सावरलं. काही लागलं नाही. पण मग मीच खुर्चीत बसले, आणि तीच मला पाणी देत होती.

कालपासून तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुमच्याकडे पाणी येतं का, एवढंच विचारून ठेवून दिला. तोंडानं सांगायची लाज वाटली.

आज खरंच तिला उभं करून माप घेतलं. कोपर चौतीस, हात वीस. दोनदा घेतलंय.

आईला अजून सांगितलेलं नाही. तू सांगितलंस तरी माझी तक्रार नाही. या पत्रानंतर तुझा लोभ उरला असेल तर कळव, मी आपणहून मागणार नाही.

ताई


५ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी श्वास घे. आई पडणार नव्हती.

अगं, वीस वर्षं मी तिच्या बाह्या शिवतेय. एक्केचाळीस इंचांवर आईचं कोपर यायचं तर तिला स्टुलावर उभं करावं लागेल. आणि ऑपरेशननं माणूस वाकतं, उंच होत नाही, एवढं मलाही समजतं. साडेतेवीसची बाही आपल्या घरात फक्त एका ताडमाड बाईची आहे. तुझ्या शाळेतल्या नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी मीच शिवली होती, आणि तू म्हणाली होतीस की हात वर केला की काखेत काचते.

आकडे वाचले तेव्हा माझं डोकं तापलं. म्हटलं, पेपर तपासता तपासता बाईंनी आईचं माप म्हणून स्वतःचंच ठोकून दिलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, ते टॉवेल, ती पिशवी. आणि मला वाटलं, ताईलाही यायचंय, पण बोलावल्याशिवाय ती यायची नाही, म्हणून स्वतःचं माप पाठवलंय.

सहा वर्षांत मी तुला राहायला बोलावलं नाही, हे खरंच आहे. मला माझ्या बाथरूमची लाज वाटायची. तुझ्या त्या आपोआप येणाऱ्या पाण्यानंतर तुला बादली आणि मग कशी देऊ? तू आलीस तर तासाभरानं निघायचीस, आणि दर वेळी मला सुटल्यासारखं वाटायचं. मग तू गेलीस की वाईट वाटायचं.

म्हणून रविवारी दोन दांड्या बसवल्या. खालची चौतीसवर, शेवटी माझ्या जुन्या वहीतल्याच मापानं, आणि तुझ्या नव्या आकड्याशी ती बरोबर जुळते. वरची एक्केचाळीसवर. साहेब विचारत होते, वरची कुणाला, जिराफाला का? मी म्हटलं, ताईला. तुझं पत्र आलं तेव्हा वरच्या दांडीचा रंगसुद्धा वाळला होता. आता तू म्हणतेस तुझ्या मनात भलतंच होतं. असेल. पण भोकं पाडून झालीत, मी ती बुजवणार नाही.

आईला काही सांगू नकोस, मीही सांगणार नाही. आणि पिशवीचं म्हणशील तर आई ती मिरवत होती आणि त्याच वेळी बाजारातल्या प्रत्येकाला तुझा नंबर सांगत होती. पिशवी धरून मी शेजारी उभी असायचे. मला नंबरच नव्हता.

आईला घेऊन तूच ये. उंची बरोबर आहे का, ते धरून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

तुझी
ठेंगू


८ ऑक्टोबर

चि. ठेंगू हिस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. येताना तुझ्याकडून राहिलेला अर्धा डबा पिवळा रंग आणला, त्याचं झाकण बॅगेत उघडलं. 'ह्यांचे' दोन शर्ट आता पिवळे आहेत.

तुझ्याकडे आठ दिवस राहिले, त्यातले पहिले दोन मी जळतच होते. ती बटणांची चौकट, ती शिडी, आणि आई सगळ्यांना सांगत सुटलेली, की शिंपल्याची बटणं तिनंच निवडली. तिसऱ्या दिवशी आंघोळीला गेले, पाय जरा सरकला आणि हात आपसूक वरच्या दांडीवर गेला. अगदी कोपराशी. मी तिथेच दांडी धरून उभी राहिले. बाहेरून तू दार वाजवत होतीस, की ताई, झोप लागली का. झोप नव्हती लागली.

निघायच्या आदल्या दिवशी तू दुकानात असताना आईला विचारलंच, की माझ्याकडे काय कमी होतं. म्हणाली, काहीच कमी नव्हतं, सगळं छान होतं. फक्त सगळं आधीच झालेलं होतं, मला कुणी काही विचारलं नाही. रागानं नाही म्हणाली, तुझ्या पडद्याची घडी सारखी करता करता म्हणाली. वार्षिक परीक्षा झाल्या की माझ्याकडे येते म्हणालीय. या वेळी मी 'किती दिवस' असं विचारलं नाही.

घर रिकामं लागतंय. बाथरूममध्ये नळ आपोआप सुरू होतो तेवढाच आवाज.

काल शेजाऱ्यांकडून ड्रिल मागून आणलं. ठेकेदाराच्या त्या चकचकीत टाइलला स्वतःच्या हातानं भोक पाडलं, एक टाइल तडकली, दुसरं भोक तिरकं गेलं. 'हे' बाहेर उभे राहून म्हणत होते, माणूस बोलावूया. नाही बोलावला. दांडी बसली. जमिनीपासून चौतीस इंच, तीनदा मोजलं. मला ती मांडीच्या जरा वर येते, काही उपयोगाची नाही.

तडकलेली टाइल झाकायला तुझा पानांचा कागद पाठव. अर्धा डबा रंग आहे, पण माझ्या मनानं लावणार नाही. आईला विचार, इथे पिवळाच हवा की दुसरा कोणता, आणि कळव.

वाट बघतेय.

तुझी
ताई