पुढच्या वर्षावर टाकलेली मोरी

मी, खाली सही करणारा, वय एक्काहत्तर, महामार्ग देखभाल खात्यातला निवृत्त नियोजन अभियंता, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहते घर पत्नीच्या हयातीत तिचे, तिच्यामागे मुलीचे. घराकडे येणाऱ्या रस्त्यावर एकही खड्डा नाही, ही बढाई मी आजवर मारली. यापुढे कुणी मारू नये.

२. बँकेत असेल ते पत्नीचे. शिडी धाकट्या भावाला. ती बारा वर्षे त्याच्याकडेच आहे, तेव्हा फक्त मालकी देतो.

३. रस्ता मोजायचे चाक मुलीला. तीही याच खात्यात आहे आणि माझ्यापेक्षा ताठ कण्याची आहे.

४. कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक कागद आहे. कोणत्या रस्त्याची दुरुस्ती आधी, कोणत्याची नंतर, ही वार्षिक यादी मी करीत असे. अठरा वर्षांपूर्वी डोंगराखालच्या टप्प्याच्या मुकादमांनी मला लिहून दिले की, रस्त्याखालच्या मोरीचा पाया पाण्याने पोखरला आहे, पावसाआधी काम हवे. मी जाऊन पाहिलेही. तरी ते काम पुढच्या वर्षावर टाकले आणि वाहनांचे आकडे फुगवून माझ्या नव्या घराकडचा रस्ता यादीत वर चढवला. त्याच पावसाळ्यात मोरी खचली. सकाळी कामावर निघालेली एक परिचारिका स्कूटरसकट खाली गेली, ती वाचली नाही.

चौकशीत मी म्हणालो, "असा कागद माझ्याकडे आलाच नाही." मुकादम समोर बसले होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. त्यांना निष्काळजी ठरवून घरी बसवले. मला बढती मिळाली. कागद जाळायची हिंमत झाली नाही, द्यायचीही नाही. माझ्या मृत्यूनंतर तो मुकादमांना द्यावा.

५. वरचे कलम मी पत्नीला वाचायला दिले. तिसऱ्या दिवशी माझ्या चपला पुढे आणून ठेवल्या आणि म्हणाली, "अहो, तुम्ही मरेपर्यंत मुकादम थांबतील का?"

म्हणून कलम चारमधील शेवटचे वाक्य रद्द समजावे. कागद मी काल स्वतः नेऊन दिला. त्याची प्रत, माझ्या कबुलीसह, खात्यात आणि परिचारिकेच्या भावाकडेही दिली. भावाने ती घेतली आणि दार लावले. ते योग्यच झाले.

मुकादमांना आता कमी दिसते. त्यांनी कागद खिडकीशी धरून पुन्हा पुन्हा वाचला. ते बोल लावतील म्हणून मी उभाच होतो. ते म्हणाले, "साहेब, अक्षर माझंच आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, मी लिहायचंच विसरलो असेन."

यावर त्यांना देण्याजोगे माझ्याकडे काही नाही. म्हणून या मृत्युपत्रात त्यांच्या नावे काही लिहिलेले नाही.

साक्षीदारांना मजकूर ऐकवणे कायद्याने बंधनकारक नाही. मी तो मोठ्याने वाचून दाखवला, मगच सही केली.

सही: निवृत्त नियोजन अभियंता
साक्षीदार: शेजारचे मुख्याध्यापक (सही)
साक्षीदार: कोपऱ्यावरच्या औषध दुकानाच्या मालकीणबाई (सही)
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ मार्च