बिनकिल्लीची जीप आणि नाथावीराचा टाक

मी, श्रीमती हेमलता शेखर गायधनी, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही, असे माझ्या वकील निकिताबाई म्हणाल्या. मला कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. उलट, दोन माणसे एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून मी स्वतःहून लिहायला बसले आहे. एक माझी मुलगी तेजस्विनी आणि दुसरे माझे धाकटे दीर सुनील भावजी. माझ्यामागे ती दोघे कायमची तुटू नयेत, एवढ्यासाठी हा कागद. बाकीची वाटणी थोडक्यात आहे, ती आधी उरकते.

१. इंदिरानगरचा फ्लॅट, त्यातील सामानासह, तेजस्विनीला. देवघर ज्या भिंतीला आहे ती भिंत पाडून हॉल मोठा करायचा तिचा विचार मला ठाऊक आहे. पाडावी. देव रागावणार नाहीत, त्यांना फक्त सकाळचे ऊन मिळेल असे बघावे.

२. बँकेतील ठेवींपैकी निम्म्या तेजस्विनीला. उरलेल्या निम्म्या देवळाली कॅम्पातल्या माझ्या कॉन्व्हेंट शाळेला, मुलींच्या पुस्तकांसाठी, सिस्टर बेनेदेत्ता यांच्या नावाने. त्या इटलीहून आलेल्या. आम्हाला शिवण आणि इंग्रजी शिकवायच्या आणि वर्गात शिरताना रोज "बोन जोर्नो", म्हणजे त्यांच्या भाषेत सुप्रभात, म्हणायच्या. आम्हाला ती प्रार्थना वाटे, म्हणून आम्ही हात जोडायचो. त्यांनी कधी हसून आमची फजिती केली नाही. त्यांनीच घोटून घेतलेल्या इंग्रजीत मी पुढे त्यांच्या देशाला पत्रे लिहिली. उपकार फेडायचे राहून गेले होते.

३. कॅम्पातील गॅरेज आणि सर्व हत्यारे झिपरूला. त्याने माझ्या यजमानांबरोबर, म्हणजे शेखरबरोबर, तिथे उमेदीची सगळी वर्षे घालवली. अट एकच: शेखरचे पाने कोणाला उसने द्यायचे नाहीत. शेखर द्यायचा आणि ते परत येईपर्यंत माझ्यावर चिडायचा.

४. माझी मोरपंखी पैठणी सुनील भावजींची पत्नी सिंधू हिला. मला टायफॉइड झाला तेव्हा तिने माझी वेणी घातली, माझी उष्टी भांडी उचलली. तेजस्विनीच्या बारशाला नेलेले माझे पुरणयंत्र तिने आजवर परत केलेले नाही. ते आता तिचेच समजावे. मी ते विसरले आहे असे मात्र समजू नये.

५. आता जीप.

ही विलीज जीप महायुद्धातली आहे. चांदवडजवळ पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याच्या कांदाचाळीमागे ती शेखरला सापडली. पुंजारामच्या वडिलांनी ती लष्कराच्या लिलावात घेतलेली. तिने कांद्याच्या गोण्या ओढल्या आणि शेवटी तिच्यात कोंबड्या राहू लागल्या. शेखरने ती ट्रकवर घालून आणली तेव्हा सुनील भावजी गॅरेजच्या दारात उभे होते. ते एसटीत ड्रायव्हर, त्यामुळे चार चाकांच्या प्रत्येक वस्तूवर त्यांचे मत असे.

"वहिनी, लोक भंगार विकतात. आपल्या दादानं विकत आणलं."

शेखर कोंबड्यांची पिसे झटकत म्हणाला, "नाथाकाका अशाच गाडीनं फिरले असतील रे तिकडं."

मग बाही वर करून भावजीही पिसे काढायला लागले.

हे नाथाकाका म्हणजे माझे चुलत सासरे. पलटणीत होते. बोटीने इटलीला गेले आणि तिथेच एका नदीच्या काठी पडले. लग्न झालेले नव्हते. तेव्हापासून ते आमच्या घरचे वीर आहेत. तेजस्विनीच्या मुलांना पुढे कळावे म्हणून सांगते: आपल्याकडे अकाली गेलेल्या अशा माणसाचा चांदीचा छोटा टाक करून देवघरात पुजतात. धुळवडीला तो टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, लाल कापडात गुंडाळून, वाजतगाजत गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, नेतात, आंघोळ घालतात आणि घरी आणतात. सासूबाईंनी, म्हणजे तानुबाईंनी, न पाहिलेल्या या दिराची आंघोळ जन्मभर चुकवली नाही.

शेखरने जीप नव्यासारखी केली, तीही जुन्या मापाने, जुन्या रंगाने. ज्या गावापाशी काका पडले तिथे युद्ध संपल्याच्या ऐंशीव्या वर्षी जुन्या लष्करी गाड्यांचा मेळावा भरणार होता. जगभरातून लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे होते. आपली जीप तिथे न्यायची असे शेखरने ठरवले आणि हॉर्न बसवून झाल्यावर, ब्रेकचे काम अर्धे टाकून, तो गेला. ब्रेक तेजस्विनीने आणि झिपरूने पुरे केले. मी मेळाव्याच्या लोकांना पत्रे लिहिली. सासूबाई म्हणाल्या, "जा. त्याचं लय मनात होतं." तो म्हणजे शेखर की नाथाकाका, ते मी विचारले नाही.

टाकही बरोबर न्यावा असे मी सुचवले, तेव्हा भावजींनीच मोडता घातला. "देव काय फिरायला नेतात का? बोटीत, गोदामात, कोणाच्या हाताला लागंल. घरातच राहू द्या." मी ऐकले.

जानेवारीत जीप कंटेनरमध्ये चढली. परदेशात मातीचा कण चालत नाही, म्हणून झिपरूने टायरच्या नक्षीतून दात घासायच्या ब्रशने नाशिकची माती काढली होती. मार्चमध्ये धुळवड आली. वर्षभर टाक ज्यात बंद असतो तो देवघरातला डबा सासूबाईंनी उघडला. टाक नव्हता.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. नेण्याची भाषा मीच केली होती. मी शपथ घेतली, पण सासूबाई तोंड फिरवून बसल्या. गल्लीतले वीर वाजतगाजत गेले आणि आमच्या दारात पाणीही शिंपडले गेले नाही. पुढे मी विमानात बसेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. भावजी त्या दिवशी घरात होते. खाली मान घालून शेंगा सोलत होते.

एप्रिलमध्ये इटलीच्या बंदरावर कस्टमच्या अधिकाऱ्याने जीपच्या मागच्या चाकावरची हत्यारांची पेटी उघडली. आत लाल कापडाचे गाठोडे आणि त्याला वरून खाकी रुमाल बांधलेला. ती गाठ मी ओळखली. एसटीच्या टपावर सामान बांधतात तशी दुहेरी.

"हे काय आहे?" अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारले.

शाळेत उत्तर द्यायला उभे राहायचो तशी मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "हे आमच्या घरातले शिपाई आहेत, सर. पूर्वी एकदा इथे येऊन गेले आहेत."

त्याने टाक उघडून पाहिला, पुन्हा कापडात ठेवला आणि विचारले, "मग त्यांना पेटीत का ठेवलंय?"

मी तिथूनच फोन लावला.

"भावजी, रुमाल तुमचा आहे."

"कोणता रुमाल?"

"खाकी. गाठीसकट."

मग ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही समदे त्याला भेटायला निघालात, आणि त्यानंच घरी बसायचं व्हय? मला राहावलं नाय."

"मग तुम्हीच नको का म्हणालात?"

"चारचौघांत हो म्हणालो असतो तर आई ओरडली असती."

"आणि धुळवडीला? मला बोलणी खाताना बघत बसलात ते?"

"मला वाटलं, तोवर तुम्ही पोचाल. तिकडच्या नदीत अंघोळ व्हईल, त्याच दिवशी, बराबर. बोट लागली की उतरवायची गाडी. एवढा उशीर तर आमच्या मालेगाव गाडीला पण होत नाय!"

म्हणजे एसटीच्या या ड्रायव्हरने मनातल्या मनात समुद्राचे वेळापत्रक लावले होते. टाक चोरला नव्हता, काकांना मुहूर्तावर पोहोचवायचा घाट घातला होता. आणि मुहूर्ताच्या दिवशी काका भर समुद्रात होते. मागून सासूबाईंचा आवाज आला, "दे इकडं फोन! शेंगा सोलत बसला व्हता मेला, आन् मी हिला बोलले!" मग त्या मला म्हणाल्या, "हेमा, उशीर झाला तर झाला. त्याला अंघोळ घाल." सासूबाईंनी मला "हेमा" म्हटले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मेळाव्यात किती तऱ्हेच्या गाड्या होत्या! रणगाडे ओढणारे ट्रक, रुग्णवाहिका, मोटरसायकली, आणि त्यांना पुसत बसलेली सगळ्या देशांची माणसे, शेखरसारखीच नखे काळी असलेली. गाड्या गावातून नदीपर्यंत गेल्या. जीप तेजस्विनीने चालवली. शेजारच्या सीटवर टाक होता. मी मागे बसले होते. काठावर एका दगडावर नावे कोरलेली होती, त्यांच्या मधोमध काकांचे नाव होते. मी त्यावर हात ठेवला. दगड उन्हाने तापलेला होता. त्याचे मला फार बरे वाटले.

नदीचे पाणी मात्र बर्फासारखे. मी टाकावर ओंजळीने पाणी घालत होते, ते समोरच्या घरातली एक म्हातारी बघत होती. ती आत गेली आणि पातेले घेऊन आली. पातेल्यात कोमट पाणी. काय चालले आहे हे तिला कळणे शक्य नव्हते. कोणाला तरी आंघोळ घालतात आणि पाणी गार आहे, एवढेच तिने पाहिले असावे. मी सिस्टर बेनेदेत्तांकडून शिकलेल्या मोजक्या शब्दांपैकी आभाराचा वापरला, "ग्रात्सिए," आणि सवयीने हात जोडले. तिनेही जोडले.

त्या दिवशी फोनवर सासूबाईंनी पहिला प्रश्न केला, "पाणी ऊन व्हतं ना गं?" मला खरे उत्तर देता आले. त्याबद्दल त्या अनोळखी बाईची मी जन्माची ऋणी आहे.

६. टाक.

गेल्या भाद्रपदात सासूबाई गेल्या. जाण्याआधी त्यांनी टाक माझ्या हातात दिला. "तू त्याला फिरवून आणलं. पुढचं तू बघ," एवढेच म्हणाल्या. तेराव्याला भर पंगतीत त्यावरून वाजले.

भावजी म्हणाले, "वीर मुलीच्या घरी जात नाय. वहिनींच्या मागं तो माझ्याकडं."

तेजस्विनी म्हणाली, "काका, तिकडे त्यांच्या शेजारी मी बसले होते. तुम्ही कुठे होतात?"

"अगं, मीच पाठवला त्याला!"

"पेटीत घालून!"

सिंधू मध्ये पडली, "अरे, म्हातारीच्या तेराव्याचा घास अजून गळ्याखाली उतरला नाय तुमच्या!" पण दोघेही ताटावरून निघून गेले होते. तेव्हापासून बोलणे बंद आहे. दोघांचेही खरे आहे, हीच अडचण आहे. भावजींनी पाठवले नसते तर काका गेले नसते. तेजस्विनीने नेले नसते तर पोहोचले नसते.

म्हणून पूर्ण विचाराने असे ठरवते:

जीप तेजस्विनीची. ती विकायची नाही. मुंबईचे एक गृहस्थ ती फार्महाऊसच्या हिरवळीवर ठेवण्यासाठी मागतात आणि दर पंधरवड्याला फोन करतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणावे. जीप चालती ठेवावी.

टाक सुनील भावजींचा.

मात्र दर धुळवडीला वीर याच जीपमधून गंगेवर जाईल, दुसऱ्या कोणत्याही वाहनातून नाही. चालवेल तेजस्विनी. टाक मांडीवर घेऊन शेजारी बसतील भावजी. त्यांनी वाटेत गिअरबद्दल सूचना देऊ नयेत. तेजस्विनीने "पेटी" हा शब्द उच्चारू नये. बरोबर थर्मासमध्ये ऊन पाणी घ्यावे. दोघांपैकी कोणी एक वर्ष जरी चुकवले, तर जीप आणि टाक दोन्ही सिंधूकडे जातील, आणि मग ती जे बोलेल त्याला मी जबाबदार नाही.

भावजींच्या मागे टाक दोन्ही घरांतल्या ज्या मुलाला किंवा मुलीला पाणी ऊन आहे का हे विचारायची आठवण राहील, त्याच्याकडे किंवा तिच्याकडे जावा. निकिताबाई म्हणतात, हे वाक्य कोर्टात टिकणार नाही. घरात टिकले तरी पुरे.

७. माझे दिवस सुखाचे गेले. चांगला नवरा, वाद घालणारी मुलगी, शेंगा सोलणारे दीर, आणि उशिरा का होईना नावाने हाक मारणारी सासू मिळाली. मला कोणाकडूनही काही येणे नाही. पुरणयंत्राचे वर लिहिलेच आहे.

८. जीपची किल्ली कोणाकडे राहील, असा प्रश्न उरतो. या जीपला किल्ली नाही. नुसता एक खटका आहे. चालवणारा पडला तर शेजारी बसलेल्याने किल्ली शोधत न बसता गाडी पुढे न्यावी म्हणून तशी ठेवली, असे शेखर सांगायचा. तेव्हा किल्लीवरून भांडण होण्याचा संभव नाही. यंदाच्या धुळवडीला मी असेन असा माझा अंदाज आहे, म्हणून या कागदाची एकेक प्रत तेजस्विनीला आणि भावजींना आजच पाठवते आहे. जीप सकाळपासून दारात उभी राहील. मी मागच्या सीटवर बसेन. पुढच्या दोन्ही जागा मोकळ्या असतील.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे, तो माझ्या मनासारखा आहे. खालील दोघांना या कागदातून काही मिळायचे नाही. त्यांना चहा मिळाला आहे. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

सही: हेमलता शेखर गायधनी

साक्षीदार
१. सोमनाथ कारभारी आव्हाड, शेजारी, इंदिरानगर
२. डॉ. रोहित दिलीप पगारे, इंदिरानगर

स्थळ: नाशिक
दिनांक: २ फेब्रुवारी २०२६