टोऱ्यांची चूक नव्हती

भंडारा
१३ ऑगस्ट १९८४

तीर्थरूप बाबांस घनश्यामचा आपल्या सानगडी गावाकडे तोंड करून नमस्कार.

शनिवारी दुपारी तेल निघाले. तुम्ही पाठवलेल्या मोहाच्या बिया, म्हणजे आपल्या टोऱ्या, शंभर ग्रॅम घेतल्या होत्या. त्यातून अडतीस ग्रॅम तेल. आमच्या कॉलेजातल्या कृष्णराव सरांनी स्वतः तराजूजवळ उभे राहून खात्री केली आणि माझ्या वहीत सही केली.

मी बरा आहे. खानावळीतली भाजी अजून तशीच पाणचट. वैनगंगेला पाणी भरपूर आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

गोपीचंदकाका, तुम्हाला एक विनंती. बाबांना वाचता येत नाही, म्हणून माझी पत्रे तुम्हीच दुकानात वाचता. मागचे पत्र जेवढ्या मोठ्याने वाचले, तेवढ्याच मोठ्याने हेही वाचा. कोणी मीठमिरची घ्यायला आले असेल तर त्यालाही थांबवा.

बाबा, प्रयोग साधाच आहे. मोठ्या कारखान्यांत पेट्रोलच्या जातीचे द्रावण वापरून बियांतले तेल ओढून घेतात. त्याचा वास डोक्यात जातो, उडालेला भाग हवेत मिसळतो, आगीची भीती मोठी. आम्ही त्याऐवजी स्पिरिट घेतले. ते मोहफुलांपासूनही बनते, गाळून पुन्हा वापरता येते आणि उरलेल्या ढेपेत द्रावणाचे विषारी काही राहत नाही. जपावे त्यालाही लागते, म्हणून शेगडीऐवजी गरम पाण्यात ठेवून तापवतो. निवले की तेल वेगळे होते, आणि गंमत म्हणजे ते वर न येता तळाशी बसते. तुम्ही पाहिले असते तर म्हणाला असता, "हे कायचं उलटं तेल बे!"

धुरपताताईने कळवले की गावात मी कॉलेजात दारू गाळतो असे बोलतात. बोलू द्या.

पण तिने आणखी एक कळवले. मागच्या महिन्यात तीनदा प्रयोग फसला, पाच-सहा ग्रॅमच तेल आले, म्हणून मी रागाने लिहिले होते की तुम्ही जुन्या, भिजट टोऱ्या पाठवल्या. ते दुकानात सगळ्यांनी ऐकले. तेव्हापासून गावातला टिकाराम येता-जाता तुम्हाला विचारतो, "का जी पुंडलिकराव, पोरानंच टोऱ्या नापास केल्या का?" आणि माणसे आपल्या टोऱ्या घेऊन साकोलीच्या मशीनवर जातात, तुमच्या घाण्यावर येत नाहीत.

आता खरे काय ते सांगतो. इतका वेळ गुडघे आणि भाजी यांतच फिरत होतो.

आमच्या प्रयोगशाळेत मंगरूभाऊ म्हणून शिपाई आहेत, वीस वर्षांपासूनचे. शुक्रवारी मी खलात टोऱ्या कुटत होतो. ते म्हणाले, "घनश्यामभाऊ, एक इचारू? हे पानी काहून शिंपडून राहिले?"

"कोणतं पाणी?"

"आता गा! हातात काय हाय मंग?"

माझा डावा तळहात ओला होता. बाबा, घाण्यात तेल सुटावे म्हणून पाण्याचा हबका मारायला तुम्हीच मला सहाव्या वर्षी शिकवले. कुटायला लागलो की हात आपोआप शेजारच्या पाण्याच्या मडक्याकडे जातो, मला पत्ताच नाही. घाण्याला ते पाणी हवेच. पण स्पिरिटमध्ये पाणी गेले की ते तेल सोडवत नाही. वहीत सगळे लिहिले होते, फक्त माझा हात लिहिला नव्हता.

मंगरूभाऊ हसता हसता बाकावर बसले. "कालेज शिकून बी तेल्याचा पोरगा तं तेल्याचाच!" शनिवारी ते माझ्याजवळून हलले नाहीत.

टोऱ्या चांगल्या होत्या. त्याच पोत्यातल्या, तुम्ही निवडलेल्या. चूक माझी होती. काका, ही ओळ दोनदा वाचा.

सरांना नागपूरच्या पाहुण्यांसमोर प्रयोग करायचा आहे आणि त्यासाठी दहा किलो टोऱ्या हव्यात. कुणाकडून घ्यायच्या असे त्यांनी विचारले, मी तुमचे नाव सांगितले. होकार मात्र तुमचा लागेल. येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने येतो. रिकामे पोते घेऊन आधी गोपीचंदकाकांच्या दुकानासमोर उभा राहीन. टिकारामला काय सांगायचे ते सांगेन आणि मग घाण्यावर येईन. पोते भरायचे की मला तसेच परत पाठवायचे, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या पारखीवर बोट ठेवून स्वतःच नापास झालेला,
तुमचा
घनश्याम