अर्धा ठोका आधी

प्रिय गडबडे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तू नेहमीसारखं एका दमात विचारलंस, आई, त्या संध्याकाळी हॉलमध्ये आपलं गाणं ठेवू की काढून टाकू? मी नुसतं बघते म्हणाले आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल, म्हातारी रुसली. रुसले नव्हते गं. खाली पडलेले चिमटे शोधायचं निमित्त करून किती तरी वेळ बाल्कनीत बसून राहिले, ते बाबांनी चहाचं काय झालं म्हणून हाक मारली तेव्हा उठले. तुला फक्त ठेवू की काढू एवढंच हवंय, पण मला एका शब्दात काही सांगता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तेव्हा माझं पाल्हाळ ऐकून घे.

त्या गाण्यात मी कोरसमध्ये होते हे तुला ठाऊक आहे. टाळ्याही आम्हीच वाजवल्या, हे मी कधी बोलले नाही. तेव्हा डिस्कोचं वारं होतं, जो तो चमचमत होता. आमचा संगीतकार स्टुडिओच्या अंधारातही काळा चष्मा काढायचा नाही, म्हणून त्याचं नाव गॉगल. एका माइकभोवती आम्ही सहाजण कोंडाळं करून उभे, पलीकडे वादक. सगळं एकदमच रेकॉर्ड व्हायचं. एक चुकला की सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात, त्यामुळे खोकायचीही चोरी. मला तेव्हा पाचवा महिना होता आणि ते बाबांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. कोरसवाली एकदा बाळंतपणाला गेली की तिची जागा गेलीच म्हणून समजायचं, म्हणून मी घोळदार कपडे घालून वेळ मारून नेत होते. दुसरं कडवं संपत आलं. बास गिटारचा आवाज फरशीतून पायांत चढत होता. आणि पोटातल्या पोराने अशी ढुशी मारली की माझे हात आपोआप एकमेकांवर आपटले. अर्धा ठोका आधी! बाकीच्यांच्या टाळीच्या पुढे माझी एकटीची टाळी वाजली. तो पहिल्यांदा हलला तो तेव्हा. मला आनंदाने रडावं की गॉगलच्या भीतीने, कळेना. त्याने ते पुन्हा लावून ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, राहू दे, बाई घाईत आहे पण गाणं जागं झालं.

आता कळलं, तुझ्या नवऱ्याला मी ढुश्या का म्हणायचे? तू कितीदा विचारलंस, आणि मी दर वेळी सांगितलं की लहानपणी दारांना डोकं आपटायचा म्हणून. साफ थाप होती ती.

तो शाळेत असताना त्या गाण्याचा पहिला रीमेक निघाला. कुठल्याशा चार पोरींनी त्याची चाल धावती केली, पण टाळ्या आमच्याच, जुन्या रेकॉर्डवरून जशाच्या तशा उचललेल्या. लोकांना वाटलं, ती आधीची टाळी म्हणजे गाण्याची स्टाइलच आहे. त्याच गाण्यावर शाळेत नाच बसवला. आपल्या जुन्या पडद्याचा चकचकीत शर्ट मी त्याला शिवून दिला होता. सगळी पोरं बाईंनी शिकवलेल्या मोजणीने टाळी वाजवत होती आणि हा पठ्ठ्या एकटा अर्धा ठोका आधी. बाईंनी सगळ्यांसमोर झापलं त्याला. मी मागच्या खुर्चीवर हसून हसून बेजार.

दुसरा रीमेक त्याचा स्वतःचा. तो तर तुझ्यासमोरच झाला. कानावरचे हेडफोन काढून कसा करवादायचा, आठवतं ना? ही कोण कच्ची बाई आहे, हिला साधं चार मोजता येत नाही, अख्ख्या गाण्याची वाट लावली! एकदा त्याने कॉम्प्युटरवर ती टाळी सरळ करून आपल्याला ऐकवली आणि गाणं पार सपक झालं. तूच म्हणालीस, आहे तशी परत टाक. त्याने टाकली, कच्च्या बाईचा उद्धार करत करत. कच्ची बाई शेजारीच इस्त्री करत होती, ओठ घट्ट मिटून. मनात ठरवलं होतं, तुम्ही गोड बातमी द्याल त्या दिवशी तुझ्या पोटावर हात ठेवून दोघांना सांगायचं. घाई कसली, म्हटलं. आणि मग भर दुपारी समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला डुलकी लागली. माझं सांगायचं राहूनच गेलं.

गेल्या महिन्यात चपलांच्या दुकानात गेले होते. तिथे तेच गाणं लागलं, कुणी तरी नव्याने केलेलं. एका पायात नवी चप्पल, एक पाय अनवाणी, अशी मी उभी. दुसरं कडवं संपत आलं, माझे हात उठले, टाळी वाजली. पण गाण्यातली टाळी आलीच नाही. ती आली नंतर, मोजून मापून, मशीनची. त्यांनी सरळ करून टाकली होती गं! दुकानातली मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, बाई धीराची आहे. त्या दुकानात मी तशीच खाली बसले आणि हंबरडा फोडला. पोटातली जागा दुसऱ्यांदा रिकामी झाली असं वाटलं मला.

म्हणून विचार करायला वेळ लागला. तुझा दातांचा डॉक्टर चांगला माणूस आहे. बाबांची कवळी त्याने मायेने नीट बसवून दिली, त्याच दिवशी मी त्याला पास केलं. तुझ्या या लग्नाला आम्ही दोघं येणार आहोत, पहिल्या रांगेत बसणार आहोत. गाणं ठेव. ते मशीनचं नको, आणि ढुश्याने केलेलंही नको. त्यावर तुझे पाय उचलणार नाहीत आणि माझ्याने ते बघवणार नाही. ते तुझ्या कपाटात राहू दे. पहिलं लाव, आमचं. बाबा रेकॉर्डवरून उतरवून पाठवतील. त्यात तो अजून तुझा झालेला नाही बाळा, तुला त्याची ओळखही नाही. त्यात तो फक्त माझा आहे, माझ्या पोटात. तेवढं गाणं त्याला मी सांभाळते. तू नाच. दुसरं कडवं संपताना मागून एखादी टाळी आधी ऐकू आली तर वळून बघू नकोस.

तुझीच,
(सासू लिहू की काय लिहू कळेना, म्हणून नुसतं)
आई