सरळ व्हायला लागलेले सेकंद

शनिवार, ६ सप्टेंबर. नोव्हाय.

पोचले. घर छान आहे. मागे तीन मेपल, पुढे गवत, माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी. मोरेश्वरकाकांनी विमानतळावर उबर पाठवली होती. स्वतःची गाडी विकून टाकली म्हणाले. दारात चौकटीला हात लावून उभे होते. पोह्यांची सगळी तयारी करून ठेवली होती, फोडणी फक्त माझ्या हातची हवी होती त्यांना. खूप दिवसांनी कोणीतरी माझ्यासाठी कांदा चिरला.

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. चाळीस वर्षं इथे अमेरिकेत आहेत, भूलतज्ज्ञ होते. काकू सात वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. इथे नोकरी लागली, तेव्हा माझी राहायची सोय आईनंच फोन करून लावली. घरात डॉक्टर आहेत, मग मला काळजी नाही, असं ती मिरजेहून तीनदा म्हणाली.

जिन्याला दोन्ही बाजूंना कठडे आहेत. हॉलमधून स्वयंपाकघराकडे जाताना भिंतीवर कमरेच्या वर एक राखाडी पट्टा दिसतो, हात फिरून फिरून पडल्यासारखा. पुसून देऊ का विचारलं. नको म्हणाले.

रविवार, ७ सप्टेंबर.

तळघरात साप आहेत. काकांनी नाश्त्यानंतर सांगितलं, जसं कोणी सांगावं की खाली वॉशिंग मशीन आहे.

एकोणीस अजगर. बॉल पायथन म्हणतात, आफ्रिकेतले, हाताएवढे जाड, विषारी नाहीत. प्लास्टिकच्या सपाट खोक्यांत कप्प्याकप्प्यांत ठेवलेले. सगळे एकाच नक्षीचे. पिवळ्यावर बारीक काळं जाळं. या नक्षीला इथे स्पायडर म्हणतात. सुंदर आहेत. मी हात लावला, कोरडं आणि गार.

मग एकानं डोकं वर केलं. ते डावीकडे कललं, सावरलं, पुन्हा कललं. डोकं थांबेना. काका म्हणाले, नक्षी जिथून येते तिथूनच हे येतं. आईबापांपैकी एकाकडे असलं तरी निम्म्या पिल्लांत उतरतं. एकाला घेऊन दुसरं टाळता येत नाही. इथले लोक नक्षीसाठी वर्षानुवर्षं जोड्या लावत राहिले.

दर रविवारी ते प्रत्येकाला पाठीवर उलटा ठेवतात आणि स्टॉपवॉचवर बघतात, सरळ व्हायला किती सेकंद लागतात. निरोगी साप लगेच होतो. यांना सहा, नऊ, बारा. एका म्हाताऱ्या मादीला एक्केचाळीस लागले. ती स्क्रूसारखी स्वतःभोवती फिरत राहिली. प्रत्येकाचं कार्ड आहे. काकांचं अक्षर फार वाकडं आहे. डॉक्टरांचं असतंच.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर.

ऑफिस बरं आहे. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर, सात जणांची टीम, पाच जण घरून काम करतात. दिवसभर कोणाशी बोलले नाही तरी चालतं. लंचला सावनी नावाची नागपूरची एक मुलगी भेटली होती. पुढच्या आठवड्यात भेटू यार, म्हणाली. तो आठवडा होऊन गेला.

संध्याकाळी काकांबरोबर जेवते. ते फार बोलत नाहीत. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतात.

रविवार, १९ ऑक्टोबर.

अंड्यांतून पिल्लं निघाली. सात. चार जाळीची, तीन साधी. साधी तिन्ही काका देऊन टाकणार, एक बाई आज नेणार आहे. मला वाटलं होतं उलट असेल. ठीकठाक ती ठेवतील.

विचारलं. काका म्हणाले, ती कुठेही जगतील.

जाळीच्या चौघांपैकी एक अंड्यातून डोकं बाहेर काढून छताकडे बघत होतं. तासाभरानं गेले तेव्हाही छताकडेच बघत होतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.

आज गाडी घेऊन ऑफिसहून येताना पोलिसानं थांबवलं. दुपारचे चार, लख्ख ऊन. गाडी लेनमधून दोनदा बाहेर गेली म्हणाला. मला कळलंच नव्हतं. खाली उतरवून रस्त्याच्या पांढऱ्या रेषेवर चालायला लावलं. टाच पुढच्या पायाच्या अंगठ्यापाशी, नऊ पावलं. चौथ्याला मी रेषेच्या बाहेर. पुन्हा. तिसऱ्याला बाहेर.

मग नळीत फुंकायला लावलं. शून्य. त्यानं दोनदा बघितलं. आवाज एकदम मऊ झाला त्याचा. घरी कोणी आहे का विचारलं.

काका उबर करून आले. तो पोलीस सांगत होता आणि काका मान हलवत होते. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं. मला ते दिसलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर.

बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की उल्हास पितो. चालताना झोकांड्या जायच्या, मुलं मागून नक्कल करायची. मीही एकदा केली होती. शेवटी जिन्यावरून पडले.

रात्रभर आठवत होते. त्यांच्या तोंडाला वास कधीच आला नव्हता.

शनिवार, ८ नोव्हेंबर.

आईला फोन केला. आधी म्हणाली, जेवलीस का. मी बाबांचं विचारलं. मग रडली नाही, नीट सांगितलं. बाबांचा तोल आजारानं जायचा, आजोबांनाही होतं. आजोबांच्या भावालाही. बाहेर कळलं असतं तर घरातल्या एकाही मुलीला स्थळ आलं नसतं. म्हणून सगळ्यांनी बसून ठरवलं, पितो म्हणायचं. बाबांनीही हो म्हटलं.

"दारू एका माणसाची असते गं," आई म्हणाली. "आजार घराण्याचा होतो."

मला स्थळं आली. जमलं मात्र एकही नाही. आता वाटतं बरं झालं. पण बाबा त्या गल्लीतून रोज चालत जायचे—

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

त्या आजाराच्या तपासणीला रक्त देऊन आले. महिनाभर लागेल. आहे की नाही, एवढंच सांगतील. औषध नाही.

आईनं व्हॉट्सॲपवर जुने फोटो पाठवले, कदाचित माफी म्हणून. प्रत्येकात माझी मान डावीकडे. फोटोवाला दर वेळी हनुवटीला बोट लावायचा.

रविवार, २३ नोव्हेंबर.

काका बाथरूममध्ये होते. मी कार्डांचा डबा उघडला, म्हाताऱ्या मादीचं बघायला.

मागे एक नवं कार्ड. वर माझं नाव, उत्तरा. ६ सप्टेंबर, जिना चढताना कठडा धरला नाही. २८ सप्टेंबर, धरला. १६ ऑक्टोबर, चहा बशीत सांडला. ४ नोव्हेंबर, रेषा, तीन पावलं.

सगळं खरं आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर.

विचारलं. लपवलं नाही त्यांनी. त्यांनाही तेच, पन्नाशीत सुरू झालं. मूल होऊ द्यायचं नाही हे लग्नाआधीच काकूंना सांगितलं होतं. काकूंनी शब्द पाळला, आणि गेल्या.

"मूल नको म्हटलं," काका म्हणाले. "पण घरात आपल्यासारखं कोणीतरी हवं ना."

मला वाटलं सापांबद्दल बोलतायत. पण ते माझ्याकडे बघत होते.

माझी सोय आईनं लावली नव्हती. तेच म्हणाले, त्यांनी आईकडे मला मागून घेतलं होतं. फोटोतली माझी कललेली मान बघून.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर.

जाणार. शेजारच्या गावात, फार्मिंग्टन हिल्सला, खोली बघितली. बॅग भरली. काकांनी अडवलं नाही. एवढंच विचारलं की तिथे पडलीस तर कोणाला कळेल.

शनिवार, २९ नोव्हेंबर.

बर्फ. बॅग घेऊन गाडीपर्यंत गेले. अकरा पावलं. दोनदा पडले. समोरच्या घरातली बाई खिडकीतून बघत होती. तिनं पडदा ओढला. काय वाटलं असेल ते मला माहीत आहे.

परत आले. काकांनी चहा ठेवला होता. बशी नव्हती. दोन्ही हातांनी धरायचा मोठा मग होता.

रविवार, ७ डिसेंबर.

हॉलच्या दुसऱ्या भिंतीवर पट्टा आहे. माझ्या उंचीला. फिकट अजून—

बुधवार, १० डिसेंबर.

लॅबचं पाकीट आलं. उघडलं नाही. काका म्हणाले, कशाला.

ऑफिसला आठवडाभर कळवलं नाही. फोन आला नाही.

रविवार, १४ डिसेंबर.

तळघर. एकोणीस मोजून झाले, चार पिल्लंही मोजली. म्हातारी मादी सरळ झालीच नाही. काकांनी हातानं केली.

मग माझ्याकडे बघितलं. जबरदस्ती नाही. मीच म्हटलं, हो.

गालिच्यावर पाठीवर पडले. वही तोंडावर धरलीय. पेन उलटं चालत नाही म्हणून पेन्सिल. कार्डावर ते लिहितील. इथे मीच लिहिणार.

काका शेजारी बसलेत. हातात स्टॉपवॉच. त्यांची मान हलतेय, मागे कप्प्यांत सापांच्याही, आणि मला बरं वाटतंय हे—

काका म्हणाले, सरळ हो.

होते.

सात. आठ. घाई नाही म्हणतात. छत आहे. मग भिंत असेल. मला फक्त जमीन कुठल्या बाजूला आहे ते