पडला की पाडला

११ फेब्रु., रवि.
चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी जाहीर केलं: यापुढं गीतं नाथान बसवेल. बारामतीचा पोरगा, चोवीसचा. कीबोर्डवर बोटं छान फिरतात. माझा मुलगा प्रभात पेटीमागं बसलेला. चौदाव्या वर्षापासून मंडळीची गीतं तोच उचलतो, आता एकेचाळीसचा झाला. पाळक म्हणाले, "प्रभातराव, नाथानच्या डोक्यावर हात ठेवा, आशीर्वाद द्या." प्र. जागचा हलला नाही. "काल आलेल्या पोरापुढं मी न्हाय वाकत." सगळ्यांदेखत. मग भाता सोडला, पेटीनं लांब उसासा टाकला.
शनिवारी पंचांच्या बैठकीत मीही हात वर केला होता, नाथानसाठी. प्र.ला माहीत नाही. त्याचा आवाज बसत चाललाय, तिसऱ्या कडव्याला धाप लागते. जे खरं तेच केलं. तरी जेवण गेलं नाही.

१३ फेब्रु., मंगळ.
रविवारचा, पोरांच्या शब्बाथ शाळेचा धडा काढला: बंडखोर देवदूत. टिपण केलं. सर्वांत तेजस्वी तोच होता. स्वर्गातलं गाणं त्याच्या हाती होतं, असं जुनी माणसं सांगायची. शास्त्रात तसं स्पष्ट नाही. मग गर्व. मग युद्ध. मग खाली.
प्र.चं नाव मीच ठेवलं. शास्त्रात 'प्रभातपुत्र' हा शब्द वाचला आणि भुललो. शाळेत कवितेच्या तासाला असे शब्द वहीच्या मागल्या पानावर उतरवून घ्यायचो, घरी जाताना बांधावरून म्हणत जायचो. तसाच हाही उतरवला, पुढची ओळ न वाचता. बाप्तिस्मा झाला, जुने पाळक नुसते हसले. महिन्यानं बायकोनं, मार्थानं, पुढची ओळ वाचून दाखवली. "आवो, ह्यो तर त्यो हाय, खाली टाकलेला." तिला दानिएल ठेवायचं होतं. आज असती तर

१४ फेब्रु., बुध.
रशीदभाईंच्या पंक्चरच्या दुकानात बसलो. धडा सांगितला. म्हणाले, "आमच्यातबी हाय की. मातीचा मानूस केला आन् वरच्यानं सांगितलं, वाका ह्याच्यापुढं. समदे वाकले. इब्लिस म्हनला, मी आगीचा, ह्यो चिखलाचा." ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होते. "तुमच्या प्रभातवानी." मग ओशाळले. "तसं न्हवतं म्हनायचं मला."
"तसंच म्हणायचं होतं, रशीदभाई."
"व्हय," म्हणाले. चहा सांगितला.

१८ फेब्रु., रवि.
धडा घेतला. पोरांना युद्ध आवडतं. मीखाएल देवदूताची तलवार, अजगराची शेपटी, तिसरा हिस्सा तारे खाली. एक पोरगी म्हणाली, "आबा, देवानं त्येला आदी समजावलं न्हाय का?" शास्त्रात तसं लिहिलेलं नाही, म्हणालो. लगेच गीत सुरू केलं.
उपासनेत प्र. उभा राहिला. "कुनी कुनी हात वर केलं, येवढं सांगा." प्र.नं पंचांच्या बाकावरून नजर फिरवली, माझ्यावर थांबवली. मी चष्मा पुसायला घेतला. त्यात सगळं आलं.
पेटी उचलून बाहेर नेली. चिंचेखाली ठेवली. कुऱ्हाडीनं फोडली. फुटतानाही सूर देत होती, मरणाऱ्या जनावरासारखे. पितळी पट्ट्या उडून धुळीत चमकत होत्या. सत्तावीस घरांतली नऊ घरं त्याच्या मागोमाग निघून गेली. बरोबर तिसरा हिस्सा. मोजायचं नव्हतं, मोजलं गेलं.

२५ फेब्रु., रवि.
हे लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.
मंडळी अंगणात चहाला. मी आत गीतांची पुस्तकं गोळा करत होतो. नाथान वेळूच्या शिडीवर, भिंतीला स्पीकर टांगत होता. प्र. बाजूच्या दारानं आला. हातात घंटेची सळई. (घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, बाहेर टांगलेला.) नाथाननं वरून पाहिलं, हसला. "प्रभातदादा, ती वायर द्या की जरा."
प्र.नं शिडीचा पाय ओढला.
पोरगं खांद्यावर आलं. उठायला हात टेकला, त्या हातावर सळई. पुन्हा त्याच हातावर. मग डोक्यावर, ओझरती. हाड मोडल्याचा आवाज वाळल्या उसासारखा. आणि माझं डोकं मात्रा मोजत होतं. ल ल गा. दोन आखूड, एक लांब. शरम वाटते, पण मोजत होतं.
प्र.नं सळई टाकली, गेला. माझ्याकडं पाहिलं नाही. फरशीवर रक्त बाकाखाली शिरत होतं. मी सळई उचलली, रुमालानं पुसली, जागेवर अडकवली. कंपनीत चाळीस वर्षं क्रेन चालवली. पडलेलं अवजार आधी जागेवर, ही सवय. सवय म्हणतोय मी.
मग हाका मारल्या. माणसं धावली. "काय झालं, आबा?"
"पडला," म्हणालो. "शिडीवरून पडला."

२६ फेब्रु., सोम.
हवालदार घरी आले. सभ्य माणूस, बूट बाहेर काढले. जबाब लिहून वाचून दाखवला: नाथान हा शिडीवरून खाली पडला. मी कागद हातात घेतला. पडला. प लघु. पाडला म्हणायचं तर प गुरू. एक काना. शाळेत गुरुजी असल्या एका कान्यासाठी छडी मारायचे, मात्रा चुकली की कविता मेली म्हणायचे. पेन माझ्याच हातात होतं.
सही केली.
प्र. आतल्या खोलीत होता. सही करताना खाट करकरली.

२८ फेब्रु., बुध.
दुपारी नाथानचे मामा आणि चुलते दोन गाड्या भरून आले. कागदावर काय आहे याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. पेटी कुणी फोडली ते गावाला माहीत होतं. प्र.ला अंगणात ओढलं. पट्टे, लाथा, ट्रॉलीतून उपसलेली उसाची टिपरी. टिपरं मोडलं की दुसरं घ्यायचे. कानाची पाळी फाटली, दोन दात गेले, ओठ उघडा पडला. प्र.नं हात वर केला नाही. एकदाही नाही. चिखल झाला होता, रसाचा आणि रक्ताचा, माशा लगेच आल्या.
मी उंबऱ्यात. मला कुणीतरी बाजूला सारलं, तर दुसरा ओरडला, "आबाला हात लावू नगा रं, देवमानूस हाय त्यो."
रशीदभाई टायर काढायची पहार घेऊन आले. "जीव घ्यायचाय का त्येचा? मग आदी माजा घ्या." तेव्हा निघाले.
सून पोरांना घेऊन बावड्याला माहेरी गेली. जाताना माझ्या पाया पडली नाही.

३ मार्च, रवि.
देवळात गेलो. रिकामे बाक डोळ्यांत येतात. पाळकांचा संदेश: स्वर्गातलं युद्ध. नाव घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. आमेन जोरात पडत होतं.
मी बसल्या बसल्या ते पाहत होतो. पंख मुळापासून उपटलेले. एकमेकांची गीतं पाठ असलेले एकमेकांचे गळे धरतात. खाली, खाली, जळत. आणि ज्याचं ते घर, तो वर काय करत होता? घरी येऊन चार ओळी लिहिल्या:
  पंख तुटले, पिसे जळाली,
  उजेडाची राख झाली,
  वरून कुणाची हाक आली?
  आली नाही.
चौथा चरण आखूड. ओवीत चालतो.

५ मार्च, मंगळ.
बारामतीला दवाखान्यात. नाथान शुद्धीवर आहे. मनगटात लोखंडी सळ्या, तीन बोटं हलत नाहीत. उजवा हात. वायर मागितली इथवर आठवतं, पुढचं कोरं. आई उशाशी. म्हणाली, "आबा, तुमी हुता न्हवं तितं? सांगा की ह्येला. सारखं त्येच इचारतंय."
"मी कसा पडलो, आबा?"
म्हणालो, "शिडी सरकली."
त्यानं मनगटातल्या सळ्यांकडं पाहिलं. "मग माजीच चूक. दोर बांदायला पायजे हुता. प्रभातदादा बांदायचे पैल्यापास्नं."
यष्टीत उभ्यानं आलो. जागा होती.

७ मार्च, गुरु.
हवालदार परत. डॉक्टरांनी लिहून दिलंय, मनगटाचा घाव पडून होणारा नाही. शनिवारी दहाला ठाण्यात पुन्हा जबाब. "नीट आठवून या, आबा. वय झालं, चुकतं मानूस. सुधारता येतं." जाताना बूट हातात घेऊनच फाटकापर्यंत गेले.
प्र.ला जेवताना सांगितलं. मऊ भातच खाता येतो त्याला, तोही डाव्या गालानं. घास थांबला.
"बैठकीत हात वर केला तवा खरं म्हनून केला न्हवं, आबा?"
"व्हय."
"मंग झालं."
काय झालं? ताट धुतलं त्यानं. माझंही धुतलं.

८ मार्च, शुक्र.
दोन्ही जबाब मनात म्हणून पाहिले. दोन्ही पाठ झाले. एकात मी प्र.ला दुसऱ्यांदा ढकलतो. दुसऱ्यात नाथान जन्मभर स्वतःला दोर न बांधल्याबद्दल
भिंतीला मार्थाचा फोटो. तिला कविता आवडत नसत. म्हणायची, सरळ बोला.

९ मार्च, शनि.
सकाळचे नऊ. प्र.नं दाढी केली, टाक्यांभोवतीनं जपून. पांढरा सदरा घातला, गाडी पुसली. "मी सोडतो ठाण्यात. यष्टीनं नगा जाऊ."
"आत येशील का?"
"भाईर थांबतो. तुमाला काय सांगायचं ती सांगा."
हँडलला कापडी पिशवी अडकवलीय. आत दोन कपडे, टॉवेल, ब्रश, एवढं दिसलं. ठाण्यासमोर इंदापूरची यष्टी थांबते. पळायचं असलं तर तेवढं सामान पुरतं. आत जायचं असलं तरी तेवढंच लागतं. विचारलं नाही.
खिडकीतून दिसतोय. गाडी सुरू करून उभा आहे. हॉर्न वाजवत नाही.