साडीबरोबर दिलेली चिठ्ठी

आई, या दिवाळीला मी माझ्याकडे काम करणाऱ्या बाईला साडी दिली आणि साडीबरोबर एक चिठ्ठीही लिहून दिली. 'ही साडी मी स्वतः दिलेली आहे', खाली सही आणि फ्लॅटचा नंबर. चिठ्ठी तिनंच मागितली होती. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तू आठवलीस ती बहुतेक चुलीपुढं बसलेली, नाहीतर माझ्या वेणीला तेल लावणारी. या खेपेला तशी आली नाहीस. वखारीच्या फाटकात उभी असलेली आलीस.

मी चौथीत असेन. घराची किल्ली चुकून तुझ्याबरोबर गेली होती, म्हणून शाळा सुटल्यावर मी थेट तू कामाला जायचीस त्या तंबाखूच्या वखारीकडं आले. निपाणीत त्या रस्त्याला लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं, तंबाखूचा वास घशात बसायचा. फाटकाशी पोचले तेव्हा सुट्टी झाली होती. बायका रांगेत उभ्या आहेत, नाकातोंडावर बांधलेली फडकी अजून कुणी सोडलेली नाहीत. फाटकाच्या आत मुकादम खुर्ची टाकून बसलाय. प्रत्येक बाई त्याच्यासमोर थांबते, डबा उघडून उपडा करते, ओचा मोकळा करते, पदर झाडते आणि पुढं जाते. तुझ्या पुढची बाई काहीतरी बोलून हसते, तो हसत नाही. मग तुझी पाळी. त्यानं मान वर करायच्या आत तू पदर झाडलास. पुन्हा झाडलास. तिसऱ्यांदा झाडलास तेव्हा धुरळा त्याच्या धोतरावर गेला.

"बास की बाई. एवढं कशाला झाडतीस?"

"तुम्ही सांगायच्या आधी झाडलेलं बरं," तू म्हणालीस, आणि वळलीस तेव्हा तुला मी दिसले.

रस्ताभर तू माझा हात धरून भरभर चाललीस. घरी आल्यावर चूल पेटवलीस, भाकरीचं पीठ काढलंस, आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "परत तिकडं यायचं न्हाय. किल्ली ऱ्हायली तर पायरीवर बसायचं." मी बरं म्हटलं. मला वाटलं, वखारीतल्या वासानं मी खोकते म्हणून सांगतेस.

त्याच वर्षी ते रंगपेटीचं झालं. वखारीच्या मालकांची मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या वडिलांनी कोल्हापूरहून नवी पेटी आणली म्हणून जुनी तिनं मला दिली. जुनी म्हणजे काय, दोन-तीन रंगच काय ते झिजलेले. मी पळत घरी आले. तू कामावरून येऊन पाय धुत होतीस. पेटी बघितलीस आणि पहिला प्रश्न विचारलास, "देताना कुणी बघितलं?"

मी म्हटलं, कुणी नाही, आम्ही दोघीच होतो.

"तिच्या आईला ठावं हाय?"

मला माहीत नव्हतं. तू ओल्या पायांनीच चपला घातल्यास. मी रडायला लागले तर दंडाला धरून म्हणालीस, "उद्या त्यांच्या घरात काय हरवलं तर पयलं कुणाच्या दारात येतील? तवा ही पेटी तू काय म्हणून दाखवशील?" बंगल्याच्या मागच्या दारानं आपण गेलो. मालकीणबाई बाहेर आल्या, त्यांच्या हातात शेंगा होत्या. "अगं, पोरीनं दिलीया न्हवं, ठेवू दे की," असं म्हणाल्या त्या, आणि चांगल्या तोंडानं म्हणाल्या. तू पेटी पुढं करून उभीच. "न्हाय बाईसाहेब. उघडून बघा, सगळे रंग हायत का ते." त्यांनी हसत पेटी उघडली.

कितीतरी वर्षं मी त्या संध्याकाळबद्दल तुझ्यावर राग धरला होता. कॉलेजात असताना मैत्रिणींना हे सांगायचे, नाव न घेता, कुणा दुसऱ्याच मुलीची गोष्ट म्हणून, आणि शेवटी म्हणायचे की गरिबांना प्रेम ओळखता येत नाही. आता ते आठवलं की वेगळंच दिसतं. मालकीणबाई हसत होत्या हे खरं, पण त्यांनी बघितलं, आई. एकेका रंगावरून नजर फिरवली आणि मगच झाकण लावलं. तू ते तेव्हाच बघितलं असणार. मला दिसायला पन्नास वर्षं लागली.

आणि झडती. त्या वखारीत छतापर्यंत गठ्ठे रचलेले असायचे. कुणी पदरात चार पानं नेली असती तर मालकाला कधी कळलंही नसतं. तरी रोज संध्याकाळी शे-दीडशे बायकांनी पदर झाडायचे. लहानपणी वाटायचं, तंबाखू जाऊ नये म्हणून. आता वाटतं, तंबाखूशी त्याचा फारसा संबंध नव्हता. फाटकाच्या कुठल्या बाजूला कोण आहे, हे रोज एकदा सगळ्यांना आठवून द्यायचं होतं. मालक एकदाही तिथं उभा राहिला नाही. त्याला राहायची गरज नव्हती.

तू मला बेळगावला शिकायला पाठवलंस, पुढं मी शाळेत लागले, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. हे इंजिनियर होते, ते गेले त्याला चार वर्षं झाली. लेक बंगळूरला आहे. मी बेळगावातच, कॅम्पाच्या बाजूला लिफ्ट असलेल्या इमारतीत राहते, चौथ्या मजल्यावर. खालच्या फाटकाला दिवसरात्र वॉचमन असतो. माझ्याकडं सहा वर्षं येणारी बाई वडगावची. विणकराच्या घरातली. घरी दोन पॉवरलूम होते, नवरा आणि दीर साड्या विणायचे. आता एक विकला, दुसरा आठवड्यातून चार दिवस चालला तर चालतो, म्हणून ती तीन घरची भांडी-फरशी करते. मला आक्का म्हणते. आमच्यात गप्पा व्हायच्या. उरलेली भाजी, शेवग्याच्या शेंगा, लेकीचे जुने कपडे मी द्यायचे, ती पिशवीतून न्यायची.

श्रावणात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मुलाला सांबऱ्याला विमानावर सोडून आल्या आणि घरी येऊन बघतात तर गळ्यातली चेन नाही. रविवारी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग झाली. मी कमिटीवर आहे. अध्यक्ष म्हणजे सिमेंटचे व्यापारी, बोलायला अगदी गोड. ते म्हणाले, "कामाला येणाऱ्या बायकांनी बाहेर जाताना वॉचमनला पिशवी दाखवावी. संशय म्हणून नव्हे हो, सगळ्यांच्या सोयीसाठी." माना हलल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, नोटीस तुम्हीच लिहा. तुमचं मराठीही चांगलं आणि कन्नडही."

मी लिहिली. हे तुला सांगणं सोपं नाही. आधी 'झडती' लिहिलं ते खोडलं. मग 'तपासणी' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी 'पिशवी दाखवून सहकार्य करावे' असं झालं. तीस वर्षं पालकांसाठी सूचना काढल्या होत्या, हात आपोआप चालला. अक्षर छान आलं म्हणून अध्यक्षांनी कौतुकही केलं.

दुसऱ्या दिवशी तिनं फाटकावरची नोटीस वाचली. त्या दिवसापासून पिशवी आणायची बंद झाली. भाजी दिली तर म्हणायची, "नको आक्का, घरात हाय." मला वाटायला लागलं, हिला कळलं असेल का की अक्षर माझं आहे. वॉचमननं सांगितलं असेल. ती खाली वाकून फरशी पुसताना मी तिच्याकडं बघत राहायचे आणि ती मान वर करेल म्हणून आधीच नजर काढून घ्यायचे. आणि एक दिवस ती गेल्यावर मी बेडरूमच्या कपाटाचा ड्रॉवर उघडून माझ्या पाटल्या बघितल्या. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. काही हरवलं नव्हतं, कुणी काही म्हणालं नव्हतं. पाटल्या होत्या तिथंच होत्या. ड्रॉवर लावताना मालकीणबाईंचं हसू माझ्या तोंडावर असल्यासारखं वाटलं.

एकदा संशय सुटला की कुणालाच सोडत नाही. त्याच दुपारी मला तुझाही आला. तुझी मिश्रीची डबी फळीवर असायची, रोज सकाळी तू तव्यावर तंबाखू भाजायचीस. ती तंबाखू तू दुकानातून आणलेली मी कधी बघितली नाही. मला कधी आणायला पाठवलं नाहीस. मग ती यायची कुठून? मुकादमापुढं पदर तीन-तीनदा झाडणारी तू, अंबाड्यात चार पानं घालून फाटकाबाहेर येत होतीस का? आधी मला लाज वाटली. मग वाटलं, तसं असेल तर बरंच झालं. विचारायला तू नाहीस, आणि असतीस तरी सांगितलं नसतंस.

तीन आठवड्यांनी चेन सापडली. त्यांच्याच गाडीत, सीटच्या फटीत. हे मीटिंगमध्ये कुणी सांगितलं नाही, वॉचमनकडून कळलं. पुढच्या मीटिंगला मी म्हटलं, "चेन सापडली म्हणे. मग आता पिशव्या बघायचं बंद करूया."

"सापडली हे चांगलंच झालं मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "पण आता शिस्त लागलीय. राहू दे."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या की त्यांनी कुणाचं नाव घेतलंच नव्हतं. विषय पाण्याच्या टाकीवर गेला. मी बसून राहिले.

पण मन स्वस्थ नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला निघताना मी फाटकात थांबले आणि माझी पर्स उघडून वॉचमनपुढं धरली. तो कन्नडमिश्रित मराठीत गडबडून म्हणाला, "तुमचं नको, मॅडम." मी म्हटलं, बघा. त्यानं बघितल्यासारखं केलं. नेमकी तेवढ्यात ती कामाला येत होती. बाजार राहू देऊन मी तिच्याबरोबर परत वर आले. तिनं भांडी घासायला घेतली आणि पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही कशाला तसलं करताय, आक्का? तुमचं बघितलं म्हणून आमचं बघायचं थांबणार न्हाय." आवाजात राग नव्हता. मला विचारावंसं वाटलं की नोटीस कुणी लिहिली ते तुला माहीत आहे का. विचारलं नाही.

मग दिवाळी आली. मी शहापूरच्या दुकानातून तिच्यासाठी साडी आणली, जांभळी, बारीक काठाची. तिनं घडी उलगडली, काठ उलटा करून बघितला आणि पहिल्यांदाच कितीतरी दिवसांनी हसली. "ही आमच्याच गल्लीतली हाय की. हा काठ आमच्या मागच्या घरात निघतो." मलाही बरं वाटलं. मग तिनं घडी पहिल्यासारखी घातली, टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "चिठ्ठी लिहून द्या आक्का. खाली दाखवायला लागंल."

मी म्हटलं, मी स्वतः खाली येते, वॉचमनला सांगते.

"तुम्ही आज याल. त्यो उद्या बदलला, दुसरा आला, आणि मी ही नेसून आले तर? लिहूनच द्या."

मी लिहून दिली. तिनं ती वाचली, सही आहे का बघितलं, आणि ब्लाउजमध्ये ठेवली. तिच्या गल्लीत विणलेली साडी तिच्या घरी न्यायला माझ्या सहीचा कागद लागला. गॅलरीतून मी बघत होते. फाटकात तिनं साडी आणि चिठ्ठी दोन्ही दाखवली. वॉचमननं चिठ्ठी वाचली आणि तिला परत दिली.

दिवाळीनंतर आठ दिवसांनी तिनं काम सोडलं. वडगावातच काहीतरी मिळालंय, जवळ पडतं, असं म्हणाली. मला ते खरं वाटलं नाही, आणि मला खरं वाटलं नाही हे तिला कळलं असावं. जाताना पाया पडायला वाकली, मी अडवलं. आता दुसरी येते, बोरगावकडची. पिशवी आणते, दाखवते, जाते. आम्ही फारसं बोलत नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच. तुला वाचता येत नव्हतं, तू असतीस तर मीच बसून वाचून दाखवला असता, आणि इथवर आल्यावर थांबले असते. पुढचं गाळलं असतं. त्या पहिल्या मीटिंगला, नोटिशीचा विषय निघायच्या आधी, चहा घेताना अध्यक्षांनी मला विचारलं होतं, "मॅडम, तुमचं मूळ निपाणीचं ना? घरचं काय होतं तिकडं?" मी म्हटलं, तंबाखूचं होतं आमचं. त्यांनी आदरानं मान हलवली आणि म्हणाले, मोठा व्यवसाय. मी चहा पीत राहिले. अजूनही त्यांना तसंच वाटतं.